इंजिन परत मागणाऱ्या हरेश्वरास

आधी भांडण, मग आशीर्वाद. तुझं कार्ड मिळालं. साडेतीन ओळींचं. त्यातल्या तीन ओळी इंजिनाच्या, आणि उरलेल्या अर्ध्या ओळीत "गुडघा कसा आहे" एवढं विचारून तू खाली सही केलीस. "माझं इंजिन कुणा येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर पाठव" म्हणे. दिवाळीत बिस्किटाच्या डब्यात घालून माझ्या तांदळाच्या पिंपामागे सरकवलंस, तेव्हा ते कुणाचंच नव्हतं. तेव्हा तोंड एवढंसं करून म्हणालास, "आजी, नीराने खोलीबाहेर काढलंय, तुझ्याकडे राहू दे." नीराचं काही चुकलं नाही. एका खोलीत स्टोव्ह, पाणी, अंथरुणं आणि वर खेळण्यातल्या विमानाचं इंजिन, असा संसार कुठली पोर करील? मी असते तर इंजिनाच्या आधी तुला बाहेर काढलं असतं.

तर आता चिरंजीव हरेश्वर यास आजीचा डोक्यावर हात, आणि सौभाग्यवती नीरा हिला पोटभर आशीर्वाद. मी बरी आहे. गुडघा बरा नाही, पण गुडघा म्हणजे मी नव्हे. तुझा शिवदासमामा बरा, बायजामामी बरी, त्यांचं धाकटं पाळण्यात आहे आणि सकाळपासून भोकाड पसरतं (तुझ्यावर गेलंय). हे पत्र माझ्या हातचं आहे. मास्तरांच्या प्रौढांच्या वर्गात पाटी घासली ती वाया गेली नाही. तीन दिवस लिहिते आहे, तेव्हा तूही जरा दमाने वाच.

तू गेल्यावर काय झालं ते तुला कुणी कळवलं नसेल. पावसाळ्यात धरलेला गुडघा दिवाळीनंतर पुरता गेला आणि मी बोंबील वाळत टांगायच्या वलांडीखालून कावळ्यांमागे धावेनाशी झाले. कावळा मोठा हुशार. माणसाचा दगड बघत नाही, पाय बघतो. दोन दिवसांत त्यांनी ओळखलं, की म्हातारी पाच पावलांच्या पुढे येत नाही. सहाव्या पावलावर बसून माझ्यादेखत बोंबील सोलून खायला लागले. मग घरात बैठक बसली. शिवदास म्हणाला, "आये, चाळीस वर्सं मासळीचं खळं सांभाळलंस, आता बस घरी. पाळना हलव." बायजा म्हणाली, "व्हय ना, मी बघते खळ्याचं." मला कुणी विचारलंच नाही. मी जन्मभर बोंबलाच्या वासात उभी राहिले, तिथून उचलून मला बाळाच्या दुपट्यांच्या वासात बसवली. बाळ चांगलं आहे, माझं काही म्हणणं नाही. पण पाळणा काय, पायाला दोरी बांधून झोपेतही हलवता येतो. ते काम नव्हे. आणि बायजाने खळं कसं बघितलं, तर कावळ्यांना दगड मारून शेजारच्या दादूची सात कौलं फोडली. कावळा एकही नाही.

अशात मार्गशीर्षात झाडलोट करताना पिंपामागचा तुझा डबा निघाला. शिवदासने उघडला. आत मुठीएवढं इंजिन, दोन लाकडी पंखे, ईथरची बाटली आणि तू लिहिलेला दोन पानी कागद. शिवदास चौथी पास आहे हे तुला ठाऊक. चौथी पास माणूस पहिली ओळ वाचतो आणि पुढचं त्याला आपोआप समजतं. मला एकेक अक्षर जोडत जावं लागतं, म्हणून दोन पानांना चार दिवस लागले. त्या चार दिवसांत माझी पहिल्या पानाची मधली ओळ आली होती, "पंखा कधीही बोटाने फिरवू नये, काठीने फिरवावा," तोवर अंगणात तुझ्या मामाने बोट घातलं होतं.

बोटाचं नंतर. आधी बांधणीचं सांगते, कारण खरी चूक तिथे झाली आणि ती आपल्याच लोकांना सुचावी अशी झाली. तू लिहिलंस की इंजिन जाड लाकडावर चार बोल्टांनी आवळावं. पण आपल्या माणसाचा विश्वास बोल्टावर नाही, गाठीवर. शिवदास म्हणाला, ज्या गाठीने भर उधाणात माझी डोल, एवढं थोरलं जाळं, राहते, तिने हे उंदराएवढं राहणार न्हाय? आणि त्याने ते जेवायच्या पाटावर सुंभाने बांधलं. गाठ सुरेख होती, मीही मान डोलावली (ही माझी चूक, ती मी लिहून देते). मग रॉकेल, एरंडेल आणि ईथर सारख्या मापाने घालून त्याने पंख्याला बोटाने झटका दिला. एकदा नाही, दोनदा नाही, दहाव्यांदा इंजिन उलटं हिसडलं आणि त्याच्या बोटाचं नख काळं पडलं. दुसरा कुणी असता तर थांबला असता. त्याने दुसरं बोट लावलं. आणि तेवढ्यात ते चालू झालं.

हरेश्वर, तू सांगितलं नव्हतंस रे, की एवढ्याशा जिनसेचा आवाज असा असतो. हजार गांधीलमाशा एकदम चिडाव्यात तसा. दर्या नुसता ओढतो, त्याला गाठ आवळते. हे थरथरतं, त्याने गाठ सैल होते. आमच्या डोळ्यांदेखत सुंभ सुटलं, पाट कोंबड्यासारखा उड्या मारत बायजाने वाळत घातलेल्या जवळ्यात घुसला, वाळूभर जवळा उडाला, पंखा दगडाला लागून मोडला आणि त्याचं एक पातं सूं करत दादूच्या केळीत जाऊन रुतलं. दादू घटकेपूर्वी तिथेच उभा होता, कौलांबद्दल भांडायला. भांडण लवकर संपलं म्हणून वाचला. पंख्याच्या समोर किंवा बाजूला कुणाला उभं करू नये, सगळ्यांनी मागे राहावं, हे तू दुसऱ्या पानावर लिहिलंस. ते पहिल्या पानावर लिहायचं होतं.

सगळे शिवदासच्या बोटाकडे आणि केळीकडे बघत होते. मी वर बघत होते. वाडीतला एकूण एक कावळा माडांच्या पार पलीकडे गेला होता. दुपारचं जेवण झालं, भांडी झाली, तरी एक परतला नाही.

तेव्हा मी म्हटलं, आता हे माझं काम.

सदू सुतार होड्या बांधतो, त्याला बोलावलं. कागद मी वाचला आणि काम त्याने केलं. (तो मला म्हणाला, "काकू, तुम्ही वाचता लय हळू." मी म्हटलं, तू तासतोस तरी कुठे झरझर?) जुन्या होडीच्या कण्याचा सागवानी ठोकळा घेतला, चार भोकं पाडली, चार बोल्ट, खाली चकत्या, वर नटावर नट. ठोकळा जमिनीत पुरलेल्या खांबाला कमरेच्या उंचीवर ठोकला, कारण इंजिनाने वाळू ओढली तर आतून खराब होतं असं तू लिहिलंस, आणि इथे वाळूखेरीज आहे काय? तरीही मी रोज आधी खांबाभोवती पाण्याचा सडा टाकते. पंखा फिरवायला काठी केली, तिला सायकलच्या ट्यूबचं रबर गुंडाळलं. पदर खोचते. डाव्या हाताच्या बांगड्या मागे सारून फडक्याने बांधते. उजव्या हातात बांगड्या नाहीतच, त्या लग्नात दर्याला दिलेल्या, मालक सुखरूप यावा म्हणून. इतक्या वर्षांनी त्या मोकळ्या हाताचा मलाही उपयोग झाला. ईथरची बाटली चुलीपासून लांब, माडाखाली ओल्या वाळूच्या मडक्यात. दादू एकदा बूच काढून हुंगायला गेला आणि गुंगीत मडक्याशेजारी बसून त्याने बायजाची स्वतःहून क्षमा मागितली. कौलं विसरला. पुन्हा त्याला हात लावू दिलेला नाही.

पहिल्याच दिवशी तिसऱ्या झटक्याला चालू झालं. वरचा पेच जरा सैल, मग हळूहळू आवळायचा, आवाज जाड होता तो बारीक झाला की थांबायचं. मला हे कुणी शिकवावं लागलं नाही. कालवणाचा आवाज ऐकून चूल मंद करतेच की मी. कावळे गेले. मी स्टुलावर बसले. बायजा पाळणा हलवत दारातून बघत होती.

आता जे लपवून उपयोग नाही ते. इंजिन धुरातून एरंडेल उडवतं हे तुझ्या कागदावर नव्हतं. पहिले आठ दिवस खांबाजवळच्या वलांडीवरचे बोंबील असे तुकतुकीत दिसायचे, की मी येणाऱ्याजाणाऱ्याला बोलावून दाखवायची. माझ्या हाताचा गुण म्हणून सांगायची. सदूच्या कामाबद्दल त्याला जेवायला बोलावलं आणि त्यातलेच निवडक बोंबील बायजाने कालवणात घातले. बोंबील चांगले झालेत, सगळे म्हणाले, फक्त काहीतरी औषधी लागतंय. त्या दुपारी आपलं घर आणि सदू मिळून सात माणसं खाडीच्या बाजूला अशी पळत होती, की शेजाऱ्यांना वाटलं मचवा बुडाला. मी म्हातारी, गुडघ्याची, तरी दुसरी पोचले. तुझ्या मामाचं दिवाळीपासून अडलेलं पोट मात्र मोकळं झालं, आणि तेव्हापासून तो तुझं नाव चांगल्या तोंडाने घेतो.

पुरलेला खांब मग उपटला. सकाळी वारा जमिनीवरून येतो, दुपारी दर्यावरून. म्हणून आता दोन खांब, एक सकाळचा, एक दुपारचा, दोन्ही वारा वलांडीवरून जिकडे जातो त्या अंगाला, म्हणजे उडालेलं तेल बोंबलांवर पडत नाही आणि माणसाच्या पोटात जात नाही. ठोकळा खुंट्यांनी बसवतो, उचलून इकडचा तिकडे. हे तू तुझ्या कागदात लिहून घे. तुमच्या साहेब लोकांना बोंबील वाळवायचे नसतात म्हणून सुचलं नसेल.

आता उपकाराचं. मला गोड बोलता येत नाही, तेव्हा जे आहे ते सांगते. शिवदासचं नख गेलं, बोट राहिलं. आठ दिवस त्याला डोल ओढता आली नाही तर घर गप्प झालं होतं. बोटच गेलं असतं तर काय झालं असतं, ते मी मनातही पुरतं आणत नाही. पहिल्या पानावरची ती ओळ मी त्याच्या अंगावर ओरडून वाचली म्हणून तो उरलेला पंखा चढवून तिसरं बोट लावता लावता थांबला. ती ओळ तू लिहिलीस. कामावरून दमून येऊन, नीराची बोलणी खात, आजीला अक्षरं ओळखता यावीत म्हणून मोठी मोठी आणि सुटी सुटी लिहिलीस, हे मला दिसलं. चार दिवस तेच तर बघत होते. आणि परवा शिवदास खळ्यात येऊन उभा राहिला, इकडे तिकडे बघितलं, म्हणाला, "आये, उद्या चार मानसं बोंबील बघाया येनार हायेत. तू हायेस ना खळ्यात?" मी म्हटलं, मी कुठे जाणार? तो म्हणाला, न्हाय, इचारलं. असं घरात मला कुणी विचारल्याला बरेच महिने झाले होते. तुझं भलं होवो. हे एकदाच लिहिते, पुन्हा मागू नकोस.

बाकी सर्व ठीक. तब्येत सांभाळ, वेळेवर जेव, बायको सांगते ते ऐक.

तुझी आजी,
राही

ता. क. दुसऱ्या पंख्याला बारीक चीर दिसते आहे. चीर पडलेला पंखा लावू नये असं कागदावर आहे, म्हणून कालपासून इंजिन बंद आहे, आणि आज सकाळी चार कावळे येऊन टेहळणी करून गेले. दोन पंखे लागतील, त्याच मापाचे. सदू म्हणतो मी तासतो, पण त्याने केला तो होडीच्या वल्ह्यासारखा झालाय. ईथरही बाटलीच्या तळाशी आहे. ते पोस्टाने पाठवू नकोस, पेट घेतं. शिमग्याला स्वतः घेऊन ये, आणि लाँचमध्ये विडीवाल्याच्या शेजारी बसू नकोस.

आणखी एक ता. क. वरचं वाचून तुझ्या लक्षात आलं असेल, की जे परत पाठवायचं त्याच्यासाठी कुणी पंखे मागवत नाही. इंजिन मी देत नाही. तू कार्डात लिहितोस की नीराचा राग आता गेला, तिला चालतंय. तुझ्या अक्षरात ते मी मानणार नाही. तिच्या अक्षरात आलं, की "आजी, ते आमच्या खोलीत मला हवं आहे," तर त्याच दिवशी डबा पुसून पाठवीन आणि पाळण्याशी जाऊन बसेन, शब्द मोडणार नाही. तू हे पत्र तिच्यापासून लपवशील हे मला ठाऊक आहे. म्हणून पाकिटावर नाव तिचं घातलंय. टपालवाला दुपारी येतो, तेव्हा तू कामावर असतोस.

तेव्हा नीरा, बाई, इथवर तूच वाचते आहेस. त्याला रात्री जेवण झाल्यावर दाखव, आधी नको, जेवायचा नाही. उत्तर मात्र त्याने लिहायचं नाही. तू लिहायचंस, तुझ्या हाताने, शाईने, आणि उद्याच्या उद्या टाकायचंस, कावळे थांबणार नाहीत.