बिरू जागा झाला

११ नोव्हेंबर १९५७, सोमवार

बिरू आजही झोपला. बाकीची पोरं धूळपाटीवर बोटं फिरवत होती आणि हा भिंतीला टेकून, तोंड उघडं, माशा बसताहेत. चार वर्षांचा आहे म्हणे. दिसतो अडीचचा. बालवाडी सुरू होऊन महिना उलटला, या मुलाच्या तोंडून मी एक शब्द ऐकलेला नाही.

धोंडाबाईंना विचारलं. त्या वस्तीवरून पोरं गोळा करून आणतात, दूध तापवतात. सगळी घरं त्यांना ठाऊक. म्हणाल्या, "गोळी असंल."

कसली गोळी?

"अफूची, बाई. मोहरीएवढी. त्याबिगर बाया उसात खुरपायला कशा जायच्या?"

इतक्या सहज! जणू गुळाचा खडाच.

१२ नोव्हेंबर

बिरूच्या आईला गाठलं — जयवंता. पंचविशीचीही नसेल. पाटाच्या कडेला धुणं आपटत होती. मी सगळं सांगितलं: भूक मरते, वाढ खुंटते, वाचा फुटत नाही. ती खाली बघून ऐकत राहिली. मग पिळा घट्ट करत म्हणाली, "न्हायच बोलला तर काय बिघडतंय?"

कोणती आई असं म्हणते?

१८ नोव्हेंबर

आज बिरूचा बाप स्वतः बालवाडीत, देवळाच्या पडवीशी आला. रामहरी. गाडीनं ऊस कारखान्यावर वाहतो. धिप्पाड, डोळे तांबारलेले, हातात चाबूक. मी मनातून घाबरले होते. त्यानं चाबूक खाली ठेवला आणि हात जोडले. "पोरगं पयल्यावानी बोलतं करा, बाई. येकच राहिलंय."

एकच राहिलंय म्हणजे? धाकटी मुलगी होती, सारजा. गेल्या वैशाखात गेली. जेमतेम बसायला लागली होती. "बांधावर झोळीत निजली हुती. उठलीच न्हाय. वारं लागलं म्हनत्यात." केवढी होती ते त्यानं दोन्ही हातांनी दाखवलं. मग ते हात खाली घ्यायचं त्याला सुचेना.

संध्याकाळी जयवंता आली. म्हणाली, गोळी बंद करते. माझ्याकडे बघितलं नाही. घरी दम मिळाला असणार.

२२ नोव्हेंबर

गोळी एकदम तोडायची नाही, हळूहळू कमी करायची — विकास गटाच्या डॉक्टरांनी बजावलं आहे. तरी काय हाल! जुलाब, घाम, अंगाला थरथर. दिवसभर रडतो. मांडीवर घेतला तर चावतो. माझ्या दंडावर वळ उठला आहे.

२३ नोव्हेंबर

धोंडाबाई म्हणाल्या, "निजू द्या त्याला, बाई. निजलेलंच बरं हाय त्ये." का? विचारलं तर चुलीत फुंकत बसल्या. धूर नव्हता, तरी डोळे पुसले.

१६ डिसेंबर

दूध मागितलं! "दूद," म्हणाला — अगदी स्पष्ट. एक वाटी प्यायला, मग दुसरी. मग धूळपाटीशी जाऊन बसला. मी त्याचं बोट धरून 'ब' काढला. ब बिरूचा. पुसून टाकला, पुन्हा काढला. तिसऱ्यांदा माझा हात ढकलून दिला आणि एकट्यानं काढला. पोट मोठं, शेपूट वाकडी, पण 'ब'च!

आज मला नीट जेवण गेलं नाही. इतका आनंद.

६ जानेवारी १९५८

आता थांबतच नाही. बैलाचं सांगतो, कुत्र्याचं, कारखान्याच्या धुराड्याचं. मी पोरांना रोज "काल काय झालं ते सांगा" म्हणून गोलात बसवते. बिरूचा नंबर आला की बाकीची गप्प होतात. क्रमानं सांगतो — आधी हे, मग ते.

एक गोष्ट मात्र खटकते. जयवंता रोज दुपारी येऊन पडवीसमोरच्या लिंबाखाली उभी राहते. काम सोडून! न्यायला येते म्हणावं तर आत येत नाही. पोरं सुटली की पहिला प्रश्न, "काय म्हनला आज?" मी सांगते. ती प्रत्येक शब्द ऐकून घेते आणि शेवटी विचारते, "आनि?"

ज्या बाईला मुलगा मुका राहिला तरी चाललं असतं, तिला आता त्याचं अक्षर न् अक्षर हवं असतं.

१७ जानेवारी, शुक्रवार

लिहू की नको असं झालं आहे.

चिंध्यांची बाहुली मी मुद्दाम मुलींसाठी शिवली होती. आज ती बिरूनं घेतली. ओल्या मातीच्या बारीक बारीक गोळ्या वळल्या. बाहुलीच्या तोंडाला एक लावली. कान लावून ऐकलं. दुसरी लावली. पुन्हा ऐकलं. तिसरी, चौथी. मग थोपटत बसला, कितीतरी वेळ. फुला बाहुली घ्यायला आली तर तिला म्हणाला, "हात लावू नगं. निजलीया."

"कधी उठणार?" मी विचारलं.

"उठत न्हाय," बिरू म्हणाला.

 

२० जानेवारी

त्याला जवळ घेऊन विचारलं. तुला गोळी कोण द्यायचं? "आई." सारजालाही? त्यानं मान हलवली. किती? त्यानं बोटं काढली, मोडली, पुन्हा काढली. "रडत हुती. मग गप झाली."

जयवंता लिंबाखाली होती. तिनं धावत येऊन त्याला उचललं. उचललं कसलं — हिसकावलं. तळहात त्याच्या तोंडावर दाबलेला.

म्हणजे वारं नव्हे, गोळ्या. आणि मुलगी होती ती. मुलगी!

२१ जानेवारी

बिरू आला नाही.

२२ जानेवारी

आला, पण डोळे जड. भिंतीला टेकून झोपला. तिनं पुन्हा गोळी दिली आहे! मी एवढं सगळं केल्यावर! मी तशीच वस्तीवर गेले. रामहरी गाडी जुंपत होता, त्याच्यासमोर तिला विचारलं, पुन्हा गोळी का दिलीस. तिचं तोंड पांढरं पडलं. रामहरी तिच्याकडे असा बघत राहिला की मी मागे सरले. उद्यापासून बिरूला आपण स्वतः आणून सोडू, म्हणाला.

२८ जानेवारी, मंगळवार

महिन्याच्या बैठकीला इंदापूरला गेले. डॉक्टरांना एकीकडे घेऊन सगळं सांगितलं. त्यांनी सरळ फौजदारांपुढे नेऊन बसवलं. शांत, वयस्क गृहस्थ. "मूल नीट बोलतं का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आमच्या बालवाडीत त्याच्याइतकं नीट कुणी बोलत नाही. "मग त्यालाच विचारू. एवढं पोर खोटं कशाला सांगेल!" सोमवारी सकाळी येतो म्हणाले.

परतताना एस.टी.त दोनदा वाटलं, उतरून सगळं मागे घ्यावं. पण योग्य तेच केलं. त्या लेकराची बाजू कुणीतरी घ्यायला हवी होती.

१ फेब्रुवारी, शनिवार

रामहरी हसत आला. बिरूनं गाडीच्या साटीच्या फळीवर कोळशानं 'ब' काढलाय — साऱ्या कारखान्याच्या रांगेत दाखवत होता म्हणे. माझ्यासाठी काकवीची घागर आणली होती. मी ती घेतली. त्याच्याकडे बघवलं नाही. परवा या माणसाचं घर मोडणार आहे आणि ते याला ठाऊक नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

दुपारी जयवंता आली. आज आत आली, जमिनीवर बसली. फौजदार येणार हे मी धोंडाबाईंना सांगितलं होतं, त्यांच्याकडून तिला कळलं.

"त्याला काय इचारू नगा. म्याच दिली म्हनून लिवून घ्या. अंगठा देते."

"दिलीस ना पण तूच?"

तिनं मान हलवली. नाही.

"म्या लांब उसात हुते. चिंधीत गोळ्या झोळीलाच बांधलेल्या. बिरू बघायचा ना रोज मला गोळी देताना. ती रडाया लागली म्हनून त्यानं... म्या आले तर थोपटत बसला हुता. हसला माज्याकडं बघून. म्हनला, आई, म्या निजवली."

तिनं डोक्यावरचा पदर पुढे ओढला.

"बापाचा लई जीव हुता तिच्यावर. त्याला कळलं तर? आनि पोरालाबी उद्या कळतं झाल्यावर आपन काय केलं त्ये उमगलं तर? त्यापरीस निजलेला बरा, म्हनून त्याची गोळी वाढवली. इसरून जाईल."

उद्या सकाळी फौजदार येणार. बिरू आता विचारलं की सांगतो — आधी काय झालं, मग काय झालं.