बाबांना दिलेली भूल

जठारपेठ, अकोला
६ ऑगस्ट २०२४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोन असताना चिठ्ठी काहून, असं म्हणशील. आई माझ्याकडे आली आहे, अन् फोन वाजला की तिचे कान इकडेच असतात. गजेंद्र दर मंगळवारी कामानं अमरावतीले येतात, त्यायच्याच हाती देऊन राहिली.

माझ्या पित्ताच्या पिशवीत खडे निघाले. ऑपरेशन करावं लागते. चिरफाडीची मले भीती नाही, भुलीची आहे. बाबांचं अपेंडिक्स म्हणजे याहून लहान काम होतं, अन् ते उठलेच नाहीत. मी तेव्हा सात वर्षांची होती. सारे म्हणत हार्ट होतं. अडतिसाव्या वर्षी? आईले विचारलं की ती भाजी निवडायले बसते.

तू प्रथिनांच्या चित्रांवर पाच वर्षं डोळे फोडले, त्याचा कधी तरी घरच्यांले उपयोग होऊ दे.

माया आहेच तुझी. या महिन्यात जरा जास्त लागेल.
प्रणाली


अमरावती
६ ऑगस्ट

चि. प्रणालीस,
अ. आ.

जावईबापू गजेंद्रराव बाहेर चहा घेतायत, म्हणून घाईत लिहिते.

भूल देताना घशात नळी घालायला शरीर सैल करणारं एक औषध देतात. त्याचा अंमल पाच-दहा मिनिटांत उतरतो, कारण आपल्या रक्तातलं एक प्रथिन ते औषध तोडून टाकतं. काही घराण्यांत ते प्रथिन जन्मतःच बिघडलेलं असतं. मग औषध तासन् तास अंगात राहतं आणि छाती हलत नाही. माझी पीएच. डी. याच प्रथिनाच्या कुटुंबावर होती. त्यातला एक भाऊ मज्जातंतूंजवळ राबतो, दुसरा रक्तात. कपाशीवरच्या फवारणीचं विष गळा धरतं तो यांचाच.

आई-बाबा मामे-आते भावंडं. दोष दोन्हींकडून उतरू शकतो. तू रक्त तपासून घे, मीही घेते. तोवर तारीख ठरवू नकोस.

तुझ्या काळजीत वाटेकरी,
ताई


जठारपेठ, अकोला
२० ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

रक्तात त्या प्रथिनाचा माझा आकडा फार खाली आला. भुलीच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, फवारणीचे दिवस आहेत, इथे येणाऱ्या कितीक जणांचा असाच येतो. लिव्हरलेही सूज आहे, त्यानंही घसरतो. महिन्यानं पुन्हा पाहू. पण सर्जन म्हणतात पिशवी महिनाभर धीर धरेल याचा भरवसा नाही. आता तू पाठवायले लावलेल्या जनुकाच्या रिपोर्टची वाट पाहून राहिली.

ताई, मी आंघोळीले बसली की श्वास मोजते. आईले वाटते मी मंत्र म्हणते.

विसरू नको मले.
प्रणाली


अमरावती
१० सप्टेंबर

चि. प्रणालीस,
अ. आ.

रिपोर्ट आला. प्रथिनात एका जागी बदल आहे, आणि पुढे लिहिलंय, अर्थ अनिश्चित. या दोन शब्दांनी मला तीन दिवस जेवू दिलं नाही.

प्रथिनाचे स्फटिक करून त्यांवर क्ष-किरण सोडले की कोणता अणू कुठे आहे ते कळतं. या कुटुंबातल्या चौदा जणांच्या अशा रचना मी एकावर एक ठेवून पाहिल्या: माणसाच्या, माशाच्या, माशीच्या, सापाच्याही. सगळ्यांचं काम एका खोल, अरुंद विहिरीच्या तळाशी चालतं. तुझा बदल जिथे आहे तिथे चौदाही जणांत तोच एक छोटा तुकडा आहे, विहिरीची भिंत आतून धरून ठेवणारा. इतक्या जुन्या कुटुंबात तो कुणीच बदलला नाही, म्हणजे त्याच्याशिवाय चालत नसणार. तुझ्यात तिथे मोठा, वाकडा तुकडा बसलाय. भिंत आत झुकली, तर औषध तळाशी पोचणारच नाही. हा पुरावा नव्हे, अंदाज आहे. पण तुझा आकडा पाहता मला शंका उरली नाही. फवारणीचा परिणाम ओसरतो, हा ओसरायचा नाही.

आई-बाबांकडून या जनुकाची एकेक प्रत येते. माझी एक चांगली निघाली. तुझ्या दोन्ही बिघडलेल्या. याची मला उगाचच लाज वाटते.

मॅडमशी मी बोलले. हे प्रथिन ज्यांना लागत नाही अशी दुसरी औषधं आहेत. सोबतचं चित्र त्यांना दाखव आणि लेखी घे.

एक गोष्ट दोनदा खोडून लिहिते आहे. ते औषध शरीर थांबवतं, झोपवत नाही. झोपेचं औषध वेगळं, ते लवकर उतरतं. बाबांनाही हेच झालं असेल, तर त्यांना शेवटी सगळं ऐकू येत असणार. आईला सांगू नकोस.

तुझ्यासाठी जीव टांगणीला लागलेली,
ताई


जठारपेठ, अकोला
२४ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पिशवी निघाली. दुसरं औषध दिलं, श्वास वेळेवर आला. जाग आल्यावर मी शंभरपर्यंत श्वास मोजले, मग डोळे उघडले.

मी दवाखान्यात असताना आईनं उशीखालची तुझी चिठ्ठी वाचली. घरी आल्यावर मले म्हणाली की ताईले सांग, मले ते तेव्हाच समजलं होतं.

धामणगावच्या त्या दवाखान्यात श्वास देणारी मशीन नव्हती. बाबांले जीपमध्ये टाकून अमरावतीले निघाले, नर्स हातानं फुगा दाबत होती. आईनं नर्सले विचारलं की यायले ऐकू येते का. ती नाही म्हणाली. पण आईच्या बोटाखाली नाडी होती, अन् तुझं नाव घेतलं की ती पळायची. मग आई खोटं बोलायले लागली. ऑपरेशन चांगलं झालं, भूल उतरायले उशीर लागून राहिला, पोरी जेवून झोपल्या, आता दहाच मिनिटं. वीस वर्षं कोणाले सांगितलं नाही. लोक म्हणाले असते बाई येडी झाली. मले म्हणाली, मी त्यायले भेवू देलं नाही.

चांदूर मागं पडल्यावर नर्सचे हात थकले, मग नाडी थांबली. आईले ते समजलं होतं. तरी अमरावती येईपर्यंत ती बोलतच होती.

तू लवकर ये. तिले तुझ्याशी बोलायचं आहे.
प्रणाली