अंगठ्यानं उघडणारी थैली

पांढरकवडा,
ता. ९ फेब्रुवारी १९६१

तीर्थरूप बसंतीबाईच्या पायावर धाकटा भाऊ फकिराचा माथा, अन् हे पत्र तिले वाचून दाखवणाऱ्या देवीलाल भाऊजीले दोन्ही हातानं राम राम.

मी इकडं खुशाल आहो. बाई, तुह्या गुडघ्याले कसं आहे? भुरी गाय व्याली काय? भाऊजीची दाढ काढली का तशीच ठेवली? तुह्या सासूले, जमनाबाई मावशीले, माहा राम राम सांगजो. (भाऊजी, या पत्रात कंसातलं जे असन ते तुम्ही मनातच वाचायचं, बाईले ऐकवायचं नाही. तुम्ही सातवी पास आहा, कंस तुम्हाले समजते. तुमचं कार्ड भेटलं. आईच्या हातची बाईची लग्नातली कोथळी, ती कवडीची कापडी थैली, दिवाळीपासून सापडत नाही, बाई मावशीवर आळ घेते, दोघी बोलत नाहीत, अन् तुम्ही दोन चुलींच्या मधात उपाशी, हे वाचून लय वाईट वाटलं. त्याच्यावर पुढं येतो.)

दिवाळीले मी दारव्ह्याले बैलाचे घुंगरू घेऊन येतो म्हणून निघालतो, हे माह्या ध्यानात आहे. घुंगरू घेतलेही. पण नाक्यावर एक ट्रक उभा होता. त्याच्या ड्रायव्हरले चाकाचा नट सापडत नव्हता, तो मी सापडून दिला, तो म्हणे बस, मी बसलो. ट्रक चालला होता हैदराबादले. आता हैदराबाद कोणाले पाहाचं नाही? पण पांढरकवड्याले चहासाठी उतरलो तं समोरच्या दुकानात एक म्हातारा बैलाच्या गळपट्ट्याले टाके घालून राह्यलता. दोन सुया अन् एकच धागा. एक सुई इकडून जाते, दुसरी तिकडून येते, अन् मधात दोघींची भेट होते. असा टाका मी जन्मात पाह्यला नव्हता, म्हणून पाहत बसलो. अर्ध्या घंट्यानं म्हाताऱ्यानं मान वर केली अन् म्हणे, "बेटा, ट्रक तो गयी तेरी." घुंगरू ट्रकमधीच गेले. हैदराबादच्या कोण्या बैलाच्या गळ्यात वाजत असतील, वाजू द्या.

तो म्हातारा म्हणजे रहमतचाचा. टांग्याचा साज, खोगीर, गळपट्टे, सगळं चामड्याचं काम करते. माणूस हिरा आहे, पण धंदा बसला. रस्त्यावर ट्रक झाले, टांगे गेले, अन् बैलाचं सामान लोक पोळ्यालेच घेतात. त्याची बायको हजराबी दोन महिन्यापासून भांडेकुंडे पोत्यात बांधून बसली आहे, का ईद झाली की अदिलाबादले जावयाकडं जायचं अन् त्याच्या सायकलच्या दुकानात चाचानं पंक्चर काढायचे. चाळीस वर्षं दोन सुया चालवणारा माणूस पंक्चर काढीन! अन् चाचा गेला तं मीही तुमच्या दारात येईन, अन् मी किती खातो हे बाईले माहीत आहे. म्हणजे हा प्रश्न तुमच्या घरापर्यंत येते.

तवाच इथल्या शिकारीच्या कंपनीचे कप्तानसाहेब आले. फौजेतून रिटायर झालेले, आता मोठ्या लोकाईले जंगलात नेऊन शिकार खेळवतात. त्यांच्या बंदुकीच्या पोटाखाली एक लोखंडी डबी बसते, तिच्यात पाच गोळ्या. त्याले मॅगझिन म्हणतात. एक रिकामं झालं की दुसरं लावायचं. मागच्या महिन्यात रानडुक्कर अंगावर आलं, पहिलं मॅगझिन खाली झालं, अन् साहेबानं घाईनं कोटाच्या खिशातून दुसरं काढून बंदुकीले लावाले सुरुवात केली. ते लागेना. लागणार कसं, ती तंबाखूची डबी होती. मंग साहेब मोहाच्या झाडावर, डुक्कर खाली, असं संध्याकाळपर्यंत चाललं. (हे झाड त्याच डुकरानं त्याच्याआधी दोन पाहुण्याईलेही चढवलं, असं कंपनीचा स्वयंपाकी सांगते, पण ते आता राहू द्या.)

तं साहेबाले पाहिजे होती मॅगझिनची थैली, कमरेच्या पट्ट्याले लावाची. अट अशी की न पाहता, एका हातानं, आवाज न करता मॅगझिन हातात आलं पाहिजे. अन् माणूस धावला, रांगला, झाडावर चढला तरी ते पडलं नाही पाहिजे. नमुना पसंत पडला तं चोवीस थैल्यांची ऑर्डर. चाचानं माह्याकडं पाह्यलं, मी म्हटलं, सोपं आहे. खरं मॅगझिन साहेब दुकानात ठेवू देत नव्हते, म्हणून मी सागवानाचं एक कोरलं. ते कमरेले लावून धाब्यावर सरावाले बसलो अन् एकदम झटक्यात काढलं, तं समोरच्या ट्रकड्रायव्हरनं दोन्ही हात वर करून मले आपली अर्धी भाकर देऊन टाकली. भाकर ज्वारीची होती, चांगली होती.

पहिली थैली माह्या अकलेची. बाई, आपल्या बापजाद्यांनी बैलावर मीठ लादून मुलूख पालथा घातला. गोणीचं तोंड असं बांधायचं की बैल नाल्यात उताणा पडला तरी चिमूटभर सांडू नये. तेवढी एकच विद्या माह्या हातात आहे, ती मी थैलीले लावली. खुनी नदीच्या कोरड्या पात्रात परीक्षा झाली. (नदीचं नावच तसं आहे. बाईले नुसती नदी म्हणून सांगा.) साहेब धावले, रांगले, थैली जागची हलली नाही. मंग शिट्टी वाजली, साहेबानं हात घातला. मंग दुसरा हात घातला. मंग बंदूक खाली ठेवून, चष्मा लावून, दातानं पाह्यलं. मी म्हटलं, "साहेब, ही लंब्या मुक्कामाची गाठ आहे, घाई नाही चालत." चाचा म्हणे, "ये थैली नहीं फकिरा, तिजोरी है. सुव्वर को बोलना पडेगा, भाई, जरा चाय पी के आ."

दुसरी थैली चाचानं केली, उघड्या तोंडाची. हात लावताच मॅगझिन हातात. पण साहेब नदीच्या काठावरून उतरले तं हात न लावताही निघालं, अन् आम्ही दुपारपर्यंत वाळू चाळत बसलो. तिसरीले आम्ही टिचबटण लावलं. ते उघडते बी, धरून बी ठेवते. पण उघडलं की असं टच्चकन वाजते की समोर चरून राह्यलेले चितळ थेट तेलंगणात गेले. साहेब म्हणे आणखी एक डाव देतो, शेवटचा. त्या दिवशी हजराबीनं उरलेले भांडे बांधाले घेतले.

(भाऊजी, आता दारात कोणी नाही हे पाहून घ्या. कोथळी माह्याजवळ आहे. दिवाळीले निघताना वाटेत खाले शेंगा कायच्यात भरू, तं खुंटीवर तीच दिसली. मावशीचा काही दोष नाही.)

मी दुकानाच्या पायरीवर तोंड पाडून बसलो होतो अन् शेंगा खाऊन राह्यलतो. चाचा सुई सोडून माह्या हाताकडं पाहाले लागला. म्हणे, "फिर से निकाल." मी काढली. "आँख बंद करके." मी डोळे मिटून काढली. मी खात राह्यलो अन् तो पाहत राह्यला. (आईच्या कोथळीच्या झाकणाले सुताचा गोफ आहे अन् त्यात एक कवडी अडकते. अंगठ्यानं कवडी आडवी लोटली की झाकण सुटते, आवाज नाही. अन् कोथळी हिसडली, उलटी केली, तं गोफ उलटा आवळते.) शेंगा संपल्या तवा चाचाचे डोळे भरून आलते. (मंग ती कवडी अन् गोफ कोथळीवरून उसवून चामड्याच्या थैलीवर चढवला. फक्त तेवढंच उसवलं. बाकी कोथळी शाबूत आहे, शेंगांचे फोलपटं झटकले.)

काल परीक्षा झाली. साहेब धावले, लोळले, त्याच मोहाच्या झाडावर चढले, मॅगझिन जागेवर. झाडावर बसून डोळे मिटले, अंगठा लावला, मॅगझिन हातात. खालच्या चितळानं मानही वर केली नाही. साहेब म्हणे, "फकिरा, हे कोणाचं डोकं?" मी म्हटलं, आमचंच. ऑर्डर भेटल्यात जमा आहे. होळीच्या आधी चोवीस द्यायच्या आहेत. थोरांचा आशीर्वाद असू द्यावा. लहान्याईले पापे.

तुहा भाऊ,
फकिरा

ता. क. भेटल्यात जमा आहे म्हटलं, भेटली नाही. साहेबानं विचारलं की चोवीस थैल्यांचे गोफ कोण करीन, तं माह्या तोंडून निघालं, बोरी अरबजवळ आमच्या तांड्यात कारखाना आहे. म्हणे कारागीर किती? मी म्हटलं अकरा बाया. म्हणे आधी तो कारखाना डोळ्यानं पाहू, मंग ऑर्डर देऊ. चाचानं तिथंच माह्या पायावर पाय दिला, पण उशीर झालता.

ता. क. दुसरा. खरं सांगतो. तो गोफ मी तीनदा करून पाह्यला, माहा आवळते पण सुटत नाही. हजराबीचा सुटते पण आवळत नाही. आईनं तो एकट्या बाईलेच शिकवला, मी तवा झाडावर होतो. बाई, तू बसली तरच होते. तांड्यातल्या दहा जणी गोळा कर अन् त्याईले शिकव. भाऊजी, आता कंसातलंही सगळं मोठ्यानं वाचा. आधी मावशीले बोलवा, तिच्या समोर वाचा.

ता. क. तिसरा. हे पत्र पोस्टानं आलं नाही, हे तिकीट नसल्यावरून भाऊजीले समजलंच असन. काल रात्री लिहिलं होतं, पण आज सकाळीच साहेबानं हॉर्न वाजवला. वरचे दोन ता. क. जीपमधी बसून लिहिले. आता जीप तांड्याच्या बाहेर बोरीच्या झाडाखाली उभी आहे, साहेब रेडिएटरात पाणी घालून राह्यले, अन् खेमसिंग नाईकाच्या हाती हा कागद पाठवून राह्यलो. चाचा मागं बसला आहे, चोवीस थैल्यांचं कापलेलं चामडं मांडीवर घेऊन. सकाळपासून जेवला नाही, म्हणते बसंतीबाईचं काय ते ऐकतो, मंग जेवतो. बाई, हो असन तं सुईदोरा घेऊन बाहेर ये. नाही असन तरी ये, तोंडानं सांग त्याले. अन् भाऊजी, तिच्या हातात सुईपेक्षा मोठं काही दिसलं तं तुम्ही जोरानं खोका, म्हणजे मी जीपमधीच राहीन अन् चाचाले पुढं धाडीन. म्हाताऱ्या माणसावर ती हात उचलत नाही.