पट्टा गळ्यात असेपर्यंत

४ मे, रविवार

आजपासून मी मांजर. फक्त रविवारी, जेवणानंतर चहापर्यंत. कल्पना बायकोची. मोठी माणसं राजीखुशीने असं खेळतात, हे तिने कुठेतरी वाचलं. माझ्यातलं उपजत मांजरपण तिला दिसलं असणार. ती म्हणते, तसं काही नाही. तू दिवसभर रागावलीस का, रागावलीस का विचारतोस, मांजर विचारत नाही. थट्टा करते.

कानांचा हेअरबँड, निळा पट्टा. पट्टा गळ्यात असेपर्यंत बोलायचं नाही. बोलायचं असेल तर दोघांपैकी कोणीही तो काढावा, खेळ थांबला.

सुरुवात उत्तम. पट्टा मोजक्याच वेळा काढला आणि दर वेळी एकच प्रश्न विचारला. शेवटी ती खरंच रागावली.

५ मे, सोमवार

फ्रेमच्या दुकानात काच कापता कापता मान वळवण्याचा सराव. मालक म्हणाले, मान धरली असेल तर घरी जा, काच फोडू नकोस. कलेची कदर नाही.

खालच्या मजल्यावरच्या मांजरीचं निरीक्षण केलं. हाक मारली तरी ढिम्म. सगळं मर्म यातच आहे. निश्चय: यापुढे पट्टा काढणार नाही. बकल घट्ट, उरलेलं टोक नीट आत खोचलेलं.

११ मे, रविवार

फार प्रगती. कपाटावर चढलो. उतरता येईना. बायकोने खुर्ची आणली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. रागावली असेल का, हे विचारलं नाही. नंतर तिने बराच वेळ पाठ खाजवली. बरं वाटलं.

१८ मे, रविवार. चहानंतर

आज कळस गाठला. मी सोफ्यावर, डोकं तिच्या मांडीवर. ती म्हणाली, आमच्या लॅबने दुसऱ्या शहरात वर्षभरासाठी बोलावलंय. एरवी सांगितलं असतं तर तू आधी घाबरला असतास, म्हणून आत्ता सांगते. मला एकटीला नाही जायचं. येशील का?

हात पट्ट्याकडे गेला. पण लगेच ओळखलं. परीक्षा.

खिडकीकडे बघितलं. मनगट चाटलं. तिने पुन्हा विचारलं, बकलला बोट लावलं. मी मान काढून घेतली. ती बरं म्हणाली आणि चहा टाकायला गेली.

पैकीच्या पैकी.

२२ मे, गुरुवार

तिने माळ्यावरची मोठी बॅग काढली. आवराआवर असेल. फक्त स्वतःचेच कपडे आवरते आहे. काही विचारलं नाही. संयम आता अंगवळणी पडलाय.

१ जून, रविवार

सकाळच्या गाडीने गेली. स्टँडवर विचारलं, रागावलीस का? म्हणाली, नाही रे. दोनदा विचारलं, तू हात चाटत बसलास. मी म्हणालो, येतो ना, मालकांना आजच सांगतो. ती म्हणाली, खोली एकटीचीच ठरवली आणि घरमालक प्राणी ठेवू देत नाहीत. हसली. मग हसायची थांबली. म्हणाली, माणूस चालेल का, विचारून फोन करते.

दुपारी जेवलो. रविवार म्हणून पट्टा घातला. व्यवस्थित, टोक आत खोचून.

फोन वाजला. तिचाच. नियम म्हणजे नियम. बकल सुटेपर्यंत वाजायचा बंद झाला.

मी परत फोन लावला तर रागावेल का?