भाकरीगणिक एक गाव

आई, तुला मी कधी पत्र धाडलं नाही, कारण तुलाही वाचता यायचं नाही आणि मलाही लिहिता येत नाही. आता लिहिणारी मिळाली आहे. नात बारामतीच्या कंपनीतून सुट्टीला घरी आली आहे, तिला समोर बसवलंय. मी बोलते, ती लिहिते. माझं 'न्हाय' ती 'नाही' करते. मी डोळे वटारले की म्हणते, "आज्जी, पत्र हाय, जरा नीट दिसू दे." दिसू दे बापडं. माझं बोलणं दुसऱ्याच्या हातून नीट व्हायची आपल्या घराला सवयच आहे, आणि तेच तुला सांगायला बसलेय. तुझ्या धाकट्यानं पुस्तक लिहिलं आहे. तू त्यात आहेस, लई आहेस. मी नाही.

तू गेलीस तेव्हा तो पुण्यात शिकत होता. पुढं अमेरिकेला गेला, तिथलाच झाला, तिथल्या भाषेत कादंबऱ्या लिहायला लागला. आधीच्या पुस्तकांची आमच्यापर्यंत नुसती बातमी यायची. हे मात्र सगळंच्या सगळं आलं, कारण हे आपल्या घराचं आहे. आपलंच आयुष्य घेऊन त्यानं कादंबरी केली, नावं बदलली, माणसं तीच ठेवली. आबांची इंदापुरातली ती बाई त्यात आहे. तू आबांना एक पावसाळाभर घरात घेतलं नव्हतंस, तेही आहे. धरणात गेलेल्या रानाच्या बदली मिळालेली जमीन चुलत्यानं एकट्याच्या नावावर करून घेतली, ते तर जमीन मोजल्यासारखं लिहिलंय. तिकडं अमेरिकेत त्यावरून वाचणाऱ्यांत म्हणे जुंपली. कुणी म्हणालं, मेलेल्या आईबापांना असं उघडं पाडणारा हा कसला मुलगा. कुणी म्हणालं, इतकं खरं लिहायला छाती लागते. मग पुस्तक मराठीत आलं आणि ते भांडण आपल्या पळसदेवात उतरलं.

माझ्याकडं पहिला आला तो चुलत्याचा थोरला. पळसदेवाहून माझ्या सासरी कऱ्हाटीपर्यंत गाडी हाणत आला आणि दारातूनच ओरडला, "आक्का, तुझ्या भावानं माझ्या बापाला चोर केलं!"

"आत ये, पाणी पी, मग चोराचं बोलू. त्यात तुझ्या बापाचं नाव न्हाय म्हणं?"

"नाव न्हाय, पर सोन्याचा दात हाय की! अख्ख्या पळसदेवात सोन्याचा दात दुसऱ्या कुणाला व्हता?"

"मग दात चोर हाय म्हण. बाप सुटला."

त्याला हसू आलं होतं, पण रागावून आलेल्या माणसानं हसायचं कसं, म्हणून त्यानं चहात तोंड घातलं. जाताना केस करतो म्हणून गेला. केस राहिली बाजूला, पुढच्याच महिन्यात त्यानं पुस्तकाचा गठ्ठा आणून घरात ठेवला. आता पाहुणे आले की दात कुठल्या पानावर आहे ते काढून दाखवतो. गावात ज्याला त्याला राग आलाय, आणि रागावलेला प्रत्येक माणूस रुबाबात फिरतोय. कुणी सांगतो, तो लंगडा मास्तर म्हणजे आमचा आजा. माझी एक बाळमैत्रीण तर बोरं चोरणारी पोरगी म्हणजे मीच असं नातवंडांना सांगत सुटली आहे. आई, त्या बोरीवर चढले होते मी. ती खाली ओचा धरून उभी होती. सगळ्यांना राग आपण पुस्तकात असल्याचा, मला राग नसल्याचा, आणि असल्या रागाला चहासुद्धा कुणी विचारत नाही.

नातीनं मला पहिल्या पानापासून वाचून दाखवलं. पुस्तकात तो एकुलता एक आहे. बहीण नाहीच. म्हैस आहे. म्हशीला सबंध प्रकरण आहे, ती आटते तिथं बाया रडतात म्हणे. आणि तू आहेस. पुस्तकातली तू बोलतेस, पानंच्या पानं बोलतेस. मी नातीला थांबवून विचारलं, "ही कोण गं बाई?" ती म्हणाली, "पणजी." मी म्हटलं, "तुझी पणजी दिवसाला चार शब्द बोलायची. त्यातले दोन म्हशीला."

मग ते चुलीचं पान आलं, जे सगळ्यांना पाठ झालंय. पोरगं भुकेनं रडतंय, आई भाकऱ्या थापतेय आणि थापता थापता गोष्ट सांगतेय. एका बाईच्या घागरीत नदी राहायला आली. घागर काही उतरवता येईना. कुठं उतरवू म्हणून बाई गावोगाव फिरते. एक भाकरी, एक गाव. भाकरी तव्यात पडली की बाई वेशीतून आत, भाकरी फुगली की बाई वेशीबाहेर. कुठलं गाव म्हणतं, हितं नको, आमचं रान बुडंल. कुठलं म्हणतं, आम्हाला तांब्याभर दे आणि पुढं हो. टोपलं भरलं की गोष्ट थांबते, राहिलेली उद्या. असं रोज. आणि शेवट यायच्या आधीच आई मरते. लेखक लिहितो की सगळा जन्म मी त्या शेवटाच्या मागं फिरतोय, म्हणून लिहितोय.

त्या वेळी तू दुसऱ्याच्या रानात खुरपत होतीस. चुलीपुढं मी होते.

मला अजून समोर दिसतं. दिवस कललाय. काथवटीत ज्वारीचं पीठ आहे, धुरानं माझं नाक वाहतंय, आणि हा जाळापलीकडं पडून भोकाड पसरतोय. मी बोलायला लागते तसा गप होतो. पुढच्या गावात काय झालं म्हणून विचारतो. पुढचं गाव मला तरी कुठं ठाऊक असतं, हातातला उंडा चपटा होईस्तोवर ते मी बनवते. एवढ्यात उंबऱ्याबाहेर तुझे पाय दिसतात, घोट्यापर्यंत चिखलानं भरलेले. तू आत येत नाहीस. दिवसभर वाकून कंबर मोडलेली, तरी उभीच. टोपलं भरतं, मी तवा उतरवते, तेव्हा आत येतेस आणि म्हणतेस, "तोंड चालतंय तेवढा हात चालव." माझी भाकरी कधी करपली नाही, तरी रोज हेच. मग मुकाट जेवतेस. पुढं माझं लग्न झालं, तू ती काथवट माझ्यासोबत दिलीस आणि मी कऱ्हाटीला आले. बाई तशीच वाटेवर राहिली, डोक्यावर नदी घेऊन.

बारामतीत पुस्तकं वाचणाऱ्या बायांचं मंडळ आहे. त्यांनी ह्या पुस्तकावर बोलायला हॉल घेतला, तर नात मला स्कूटीवर बसवून घेऊन गेली. पुरुषही आले होते. एक प्राध्यापक म्हणाले, घागर म्हणजे बाईचं दुःख. एक म्हणाल्या, नदी म्हणजे धरण, आणि खरंच पुढं धरणाची नदी त्या घरात राहायला आलीच की. तुझी चूल पाण्याखाली गेली ते तू बघितलं नाहीस आई, बरं झालं. तिसऱ्या उठल्या आणि म्हणाल्या, घागर म्हणजे गर्भ. मी नातीच्या कानात म्हटलं, "घागर तांब्याची व्हती, तिला पोचा व्हता." ती म्हणाली, "आज्जी, गप." मग एक माणूस तावातावानं बोलला, ह्यानं आईची अब्रू विकून डॉलर केले. त्यावर एक तरणी पोरगी रडायलाच लागली. म्हणाली, "काय वाटेल ते म्हणा, अशी गोष्ट सांगणारी आई मला मिळाली असती तर मी दुसरं काही मागितलं नसतं."

सगळा हॉल हळहळला. आई, त्या वेळी तुझा इतका हेवा वाटला मला! माझं तोंड काढून तुझ्या चेहऱ्यावर बसवलं होतं आणि लोक त्याला हात जोडत होते. जिवंतपणी न बोलून तू भाव खाल्लास, मेल्यावर माझं बोलून. तेवढ्यात शेवट काय असेल त्यावर वाद पेटला. एक म्हणाला घागर फुटते, दुसरी म्हणाली बाईच नदी होते. माझी घागर फोडायला निघाले, तेव्हा मी उठले.

"शेवट मला ठाऊक हाय."

"तुम्ही कोण, आजी?"

"लेखकाची थोरली बहीण."

"पण त्यांना बहीण नाहीये!" मागून चार-पाच जण एकदम म्हणाले. सगळ्यांनी पुस्तक वाचलेलं, मी तोतया ठरले. मंडळाच्या बाई भल्या. जवळ येऊन हळू म्हणाल्या, "आजी, कादंबरी आहे ही. त्यात असतं ते सगळं खरं नसतं."

"आन् नसतं ते?"

त्या हसल्या. "ते बहुतेक खरं असतं. बसा. शेवट सांगा की मग."

हॉल असा गप झाला, जसा तुझा धाकटा व्हायचा. मी सगळीकडं एकदा बघून घेतलं आणि म्हटलं, "टोपलं भरलं. राहिलेली उद्या."

अशा टाळ्या पडल्या! कुणीतरी ते मोबाईलवर घेतलं होतं, ते फिरत फिरत अमेरिकेला पोचलं, आणि दोनेक दिवसांत तुझ्या लेकाचा फोन. "आक्का, आईनं तुला शेवट सांगितला व्हता? मला का न्हाय सांगितला?"

बघ की. तोही जळत होता, तुझ्यापायी माझ्यावर! मला सुख वाटायला पाहिजे होतं. मी विचारलं, "भाकऱ्या कोण थापायचं रं?"

"आई."

"तोंड आठवतंय तिचं, थापताना?"

त्याचा आवाज खाली आला. मग म्हणाला, "हात आठवत्यात. पिठाचे. तोंड जाळाच्या पल्याड असायचं." आणि मग आणखी हळू, "का गं आक्का?"

तिथं सांगायचं होतं. जिभेवर आलं होतं. पण माझ्या तोंडून दुसरंच गेलं, "मला का न्हाय घातलंस पुस्तकात? म्हशीपरीस वाईट व्हते मी?"

"तू जिवंत हायस, आक्का. तुझं लिहिलं असतं आन् तू म्हणली असतीस, असं नव्हतंच, तर मी काय केलं असतं? तुला भ्यालो." मग म्हणाला, "मी येतो. दिवाळीनंतर येतो. शेवट सांगशील?"

"ये. फोनवर न्हाय. चुलीपुढं बस, तव्हा सांगते."

आता तो येणार आहे. तिकीट काढलंय. सून म्हणते, मामांना गॅसवर पोळ्या करू. मी परसात तीन दगड मांडून घेतलेत, तुझी काथवट काढलीय, आणि रोज दिवस कलला की दोन-चार भाकऱ्या थापून बघतेय. हात अजून चालतो. तोंडही चालतं. बाई एका गावातून दुसऱ्या गावात जाते, टोपलं भरतं, आणि घागर डोक्यावरच. शेवट मला ठाऊक नाही, आई. कधीच नव्हता.

आणि एक राहिलं. नातीला म्हटलं हे लिही, पण मामाआजोबाला वाचून दाखवू नकोस, हे पत्र कुठं जायचं नाही. गावं सगळी माझी आहेत. वेशी माझ्या, माणसं माझी. पण एकदा नदीवरून वर येताना तू मध्येच थांबलीस, दम खाल्लास. मी विचारलं, "आये, घागर जड झाली का?" तू म्हणालीस, "व्हय. नदीच येऊन बसलीय आत." आणि हसलीस. जन्मात तेवढं एकदाच. मी ते उचललं आणि त्याच्यावर इतकी गावं वसवली, पण तसलं एक वाक्य मला अजून जमलेलं नाही. पुस्तकाचं, हॉलचं, त्या रडणाऱ्या पोरीचं मी सोडून दिलं असतं. खरा हेवा त्या वाक्याचा आहे. तू उंबऱ्याबाहेर उभी राहून रोज ऐकत होतीस, तुझंच होतं ते, आणि एकदासुद्धा 'माझं' म्हणाली नाहीस.