रेडिओतला कॅमेरा

नाकाडोंगरी
१४ मार्च

प्रिय प्रितम,

पाकिटात तीन फोटो आहेत. ते आधी बघू नकोस. लहानपणी गोष्टीचं पुस्तक हातात आलं की तू आधी शेवटचं पान उघडायचास आणि मग मला शेवट सांगून माझाही विचका करायचास. या वेळी तरी मोठ्या बहिणीचं ऐक आणि आधी पत्र वाच. माय गेली हे कवडूमामाने तुला सांगितलंच आहे. राजनांदगावच्या राईस मिलमध्ये मोटारी दुरुस्त करणारा माणूस मागून पाहिला आणि मान खाजवायच्या लकबीवरून त्याने तुला ओळखलं म्हणे. तुझा पत्ता त्याने बिडीच्या पुड्यावर लिहून आणला. फोन नंबर तू दिला नाहीस, आणि ते बरंच झालं. फोनवर मी तुला शिव्या घातल्या असत्या आणि सांगायचं ते राहून गेलं असतं.

घर आहे तसंच आहे. बाबांचे गुडघे गेलेत, पण काठी घ्यायला सांगितलं की चिडतात. तलावाखालची धानाची बांधी अजून आपणच करतो. मी बसस्टँडजवळ दुकान टाकलंय, मोबाईल, मिक्सर, पंखे, येईल ते दुरुस्त करते. सोल्डर मारायला मला तूच शिकवलंस, हे मी कुणाला सांगत नाही. गेल्या तीन वर्षांत कॅमेरे बनवायलाही लागले. आगपेटीएवढी सर्किटची पाटी मिळते, तिच्यावरच कॅमेरा बसवलेला असतो. तिला एक सेन्सर जोडायचा, अंगाची ऊब समोरून हलली की त्याला कळतं आणि फोटो निघतो. जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतले सेल, एक मेमरी कार्ड, आणि हे सगळं जेवणाच्या डब्यात कोंबायचं. धानात डुकरं कुठून शिरतात ते पाहायला लोक घेऊन जातात. डोमाच्या बांधीत तर एकदा डुकराऐवजी डोमाचा सख्खा भाऊच सापडला, धानाचे भारे उचलताना. तेव्हापासून गावात मला थोडं वचकून असतात.

माझा पहिला कॅमेरा मात्र डुकरांसाठी नव्हता. तो मायने बनवून घेतला, तुझ्यासाठी. धान रोवण्याच्या दिवसांत आम्ही तिघंही घराबाहेर असतो, दाराला कुलूप असतं. तिच्या डोक्यात एकच घोर, ‘पोरगा आला आन कुलूप पाहून वापस गेला तं? आपल्याले मालूमच नाही पडन.’ तुला जाऊन सहा वर्षं झाली होती तेव्हा. मी म्हटलं, तो कशाला येतो. ती म्हणाली, ‘तू बनव तं खरं.’ मग मी बाबांचा जुना रेडिओ काढला, तोच, जो तू सहावीत असताना खोलून ठेवला होतास आणि नंतर जुळलाच नाही. त्याच्या पोटात सगळं बसवलं. डायलची काच काढावी लागली, कारण काचेतून त्या सेन्सरला ऊब कळत नाही. पाटीची वीज गेली की ती वेळ विसरते, म्हणून बटणसेलवालं वेगळं घड्याळ लावलं, दर फोटोवर तारीख-वेळ यावी म्हणून. दारापुढच्या छपरीतल्या खुंटीवर रेडिओ टांगला. मायने बाज, ओटा आणि ओट्यावरचा पितळी गडवा, तिन्ही फोटोत आलेच पाहिजेत असा हट्ट धरला. भंडाऱ्याहून आणलेला तो गडवा ती रोज सकाळी पाण्याने भरून, वर ताटली ठेवून जायची. उन्हातून येशील, तहान लागली असेल, म्हणून. रोज संध्याकाळी मी कार्ड दुकानात नेऊन पाहून आले की पहिला प्रश्न ठरलेला, ‘काही आलं का वं त्याच्यात, गुड्डे?’ त्यात कोंबड्या यायच्या, मंदाबाईची शेळी यायची, एकदा मतं मागणारे आले. आणि मी सांगायचे, काही नाही.

आता जे तुला कधी बोलले नाही ते सांगते. साटंलोटं ठरलं होतं, रत्नमाला आपल्या घरी आणि मी तिच्या घरी. तुला ती करायची नव्हती, तर तसं सांगायचं होतंस. तू साक्षगंधाच्या दिवशी, मांडवात पाहुणे बसलेले असताना, पिशवी घेऊन बसमध्ये चढलास. बाबांनी सगळ्यांसमोर पागोटं काढून त्या लोकांच्या पायाशी ठेवलं, हे तुला ठाऊक असेल. पण एक कुणालाच ठाऊक नाही. रत्नमालाचा भाऊ, भुपेंद्र, मला आवडला होता. बघायला आला तेव्हा त्याने मला ट्रान्झिस्टर म्हणजे काय ते विचारलं होतं, आणि मी सांगत होते तोवर खरंच ऐकलं होतं. एका घरातून मुलगा पळाला म्हटल्यावर दुसऱ्या घरातली मुलगी कोण नेतं? तो आता दोन मुलांचा बाप आहे. मी छत्तिसाची झाले. मी तुझ्यावर रागावले होते, प्रितम. नऊ वर्षं तो राग मी जपून ठेवला होता.

माय पौषात गेली. दोन दिवस ताप, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी उठलीच नाही. दहाव्याच्या आदल्या सांजेला ललिताकाकूने रीतीप्रमाणे ती गेली त्या जागी पीठ पसरलं, दिवा ठेवला, वर टोपली झाकली आणि खोलीचं दार ओढून घेतलं. सकाळी पिठावर जे पाऊल उमटेल तो माणसाचा पुढचा जन्म, आणि काहीच उमटलं नाही तर जीव अजून घरातच आहे, कुणात तरी अडकलाय. मला या गोष्टी पटत नाहीत, तुला माहीत आहे. पण डब्यातला एक कॅमेरा मी कोनाड्यात ठेवला. का ठेवला ते मलाही सांगता येणार नाही. सकाळी टोपली उचलली तर पिठावर पाखराचं पाऊल, तीन बोटं अगदी स्वच्छ. काकूने हात जोडले, ‘शकुनबाई पाखरू झाली, सुटली बिचारी.’ बायका रडल्या, मीही रडले. दुपारी दुकानात कार्ड लावलं. पहाटे पाच वाजून दहा मिनिटांचा फोटो होता. बाबा उकिडवे बसलेत, एका हातात टोपली, आणि दिव्याच्या उजेडात पीठ दिसतंय, कोरं, त्यावर काही म्हणजे काही नाही. पुढच्या फोटोत त्यांची तीन बोटं पिठात टेकलेली. घरी येऊन मी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं तर त्यांना कळलं. म्हणाले, ‘लोकं म्हनतीन, शकुन पोरापायी अडकली. मेल्यावर तिले काहून नाव ठेवू द्यू? मनून पाखरू काहाडलं.’ आणि मग म्हणाले, ‘पन गेली नाही थे, गुड्डी.’

तेरवीनंतर आम्ही कामाला लागलो, घराला पुन्हा कुलूप लागायला लागलं, म्हणून मी रेडिओतला कॅमेरा परत चालू केला. मधले पाच महिने तो बंद होता, कारण श्रावणापासून माय शेतावर जाईनाशी झाली होती. जेवण झालं की छपरीत बाजेवर येऊन बसायची ती ऊन उतरेपर्यंत. तिचेच शेकडो फोटो निघायचे, कार्ड भरून जायचं, म्हणून मीच सेल काढून ठेवले होते. मला वाटलं पाय दुखत असतील. तर चालू केल्याच्या दुसऱ्या दिवशी कार्ड पाहिलं. दुपारी बारा सत्तेचाळीसचा एक फोटो. त्यात कुणी नाही. रिकामी बाज, ओटा, बंद दार. तिसऱ्या दिवशी बारा सत्तेचाळीस. चौथ्या दिवशी बारा सत्तेचाळीस. दिवसभरात कोंबड्यांचे, शेळीचे फोटो निघायचे ते निघायचेच, पण त्या मिनिटाला एक रिकामा फोटो ठरलेला.

तू असतास तर पहिल्यांदा जे म्हटलं असतंस तेच मी म्हटलं, सेन्सर खराब. बदलला. मग वाटलं पत्रा तापतो, त्याची झळ येते, म्हणून पत्र्यावर पेंढा टाकला. ढगाळ दिवशीही फोटो निघाला. सेन्सरवर काळी टेप लावली. त्या दिवशी कोंबड्या आल्या नाहीत, शेळी आली नाही, बारा सत्तेचाळीस आला. पाटी बदलली, प्रोग्रॅम नव्याने लिहिला, घड्याळ मुद्दाम वीस मिनिटं पुढे करून ठेवलं. फोटोवर एक वाजून सात मिनिटं आली, म्हणजे खरी वेळ तीच. एकदा दुकान बंद करून त्या वेळी स्वतः छपरीत येऊन उभी राहिले. काही दिसलं नाही. फक्त चिमण्यांचा कलकलाट मध्येच थांबला आणि मग पुन्हा सुरू झाला. बाबांनी मायच्या बाजेची सुतळी तेरवीनंतर नव्याने ताणून बांधली आहे, पायाने दाबली तरी दबत नाही अशी. सकाळी आम्ही निघतानाचा फोटो आणि दुपारचा रिकामा फोटो शेजारी शेजारी ठेवून पाहिले. दुपारच्या फोटोत बाजेच्या मधोमध चार-पाच सुतळ्या खाली गेल्यासारख्या दिसतात. सावली असेल. मी मल्टिमीटरवर विश्वास ठेवणारी बाई आहे, मी सावलीच म्हणते. पण आता दुपारी मी घरी जात नाही.

गेल्या रविवारी मामाने पत्ता आणून दिला, तेव्हा मी दुकानाच्या खणातून एक जुनं कार्ड काढलं. जळक्या कॅपॅसिटरच्या डबीत ते सात महिने पडलं होतं. आता पहिला फोटो बघ. तो तू आहेस. गेल्या श्रावणातला, रोवणा चालू होता, आम्ही सगळे बाहेर होतो. निळा सदरा, खांद्याला पिशवी, आणि तोंड थेट रेडिओकडे. तू त्याला ओळखलंस, हातही पुढे केलास. असे तीन फोटो आहेत, एकात गडव्याने पाणी पितोयस. त्या संध्याकाळी दुकानात मी ते पाहिले आणि मला आनंद झाला नाही. आला, पाणी प्यायला आणि गेला, मला वाटलं, एवढंच? शेतावर यायला दहा मिनिटं लागतात. मी पुढचा एकही फोटो न पाहता कार्ड काढून डबीत टाकलं आणि नवीन घेऊन घरी आले. मायने विचारलं, ‘काही आलं का वं त्याच्यात?’ मी म्हटलं, काही नाही. ती ‘बरं’ म्हणाली आणि चुलीकडे गेली. त्यानंतर तिने मला तो प्रश्न कधीच विचारला नाही. मला वाटलं, आशा सोडली.

आता दुसरा फोटो बघ. त्याच दिवशीचा, संध्याकाळी पाच वाजून बारा मिनिटांचा. माय माझ्या आधी शेतावरून आली होती. तिच्या हातात गडवा आहे. तू लहानपणापासून पाणी प्यायलास की गडवा पालथा घालतोस, एकदा त्यात विंचू निघाला होता तेव्हापासून. त्यावरून किती बोलणी खाल्लीस, ‘दारात भांडं पालथं घालू नाही, घर रिकामं होते.’ जगात ते करणारा दुसरा कुणी नाही. ओट्यावर पालथा गडवा पाहिल्याबरोबर तिला कळलं असणार. म्हणजे संध्याकाळी तिने मला विचारलं तेव्हा तिला सगळं माहीत होतं, आणि मी तिच्या तोंडावर खोटं बोलले. गडवा छातीशी धरून ती रेडिओकडे बघते आहे, अगदी सरळ, फोटो काढून घेताना बघावं तशी. ती कॅमेऱ्याकडे बघत नाही, प्रितम. कार्ड कोण पाहणार ते तिला ठाऊक होतं. आणि तुझ्या फोटोवरची वेळ मी रविवारी पहिल्यांदा नीट वाचली. बारा सत्तेचाळीस.

तिसरा फोटो कालचा आहे, रिकामा. हे पत्र मी तुला माफ केलं हे सांगायला लिहिलेलं नाही, ते अजून पुरतं झालेलं नाही. बाबांनी बोलावलंय म्हणूनही नाही. तुमसरहून दुपारची बस अजून त्याच वेळेला येते. तू ये, त्या ओट्यापाशी उभा राहा, पाणी पी आणि गडवा पालथा घाल. मी तो पुन्हा रोज भरून ठेवते आहे. तिला तुला पाहू दे. दुसऱ्या दिवशी फोटो निघाला नाही, तर बाबांनी पिठावर काढलेलं पाखरू खरं झालं असं मी मानीन आणि रेडिओ खाली उतरवीन. पण बाजेवर बसून ती तुझी वाट बघत नसेल, तर? तू येऊन गेल्यावरही बारा सत्तेचाळीसला फोटो निघतच राहिला, तर ती माझ्यासाठी थांबली आहे. मग मला त्या वेळी छपरीत जाऊन तिच्या शेजारी बसावं लागेल आणि काय आलं होतं ते सांगावं लागेल. मला भीती वाटते रे. त्या वेळी तू घरात असावास, एवढ्यासाठी लिहिलं आहे.

वाट बघणारी, तुझीच
गुड्डीबाई