पुनावळ्याच्या खळ्यावर नांगर घालू नये

मी सारजाबाई, भ्रतार दत्तोबा काळोखे, वय अंदाजे पंचावन्न, धंदा शेती, राहणार मौजे पुनावळे, जिल्हा पुणे, डोके ठिकाणावर आणि जीभ ताब्यात असताना, कोणाच्या धाकाने किंवा लाडीगोडीने नव्हे, हे मृत्युपत्र सांगते. लिहिणार शाळेचे बबनराव गुरुजी. मालकांचे नाव वर त्यांनी लिहिले. मी आजही घेतलेले नाही. पोटातला आजार हटत नाही, तेव्हा हे काम लांबवण्यात अर्थ नाही.

मालकांच्या मागे वाटणीची जमीन माझ्याकडे नुसती खाण्यापुरती होती. गेल्या वर्षीच्या कायद्याने ती पूर्ण माझी झाली, असे वकिलांनी समजावले. माझे दीर हिंदुराव यांना हे अजून पटलेले नाही. न पटो.

कलम पहिले. राहते घर, भांडी आणि निळीचे पातेले कौशल्याबाईला. खळ्यावर पोरांना खेळवणाऱ्या ज्योतीरामाची ही आई. दुखण्यात माझे सगळे तीच करते. तिची म्हैस माझ्या गोठ्यात बांधण्यावरून आमचा अबोला झाला होता. आता म्हैस बांधावी.

कलम दुसरे. नदीकाठचे शेत हिंदुरावांना. चांगले शेत आहे. का दिले, ते पुढे येईल.

कलम तिसरे. गावाच्या उत्तरेचे खळे आणि लगतचे पडीक रान पुनावळे बाल फुटबॉल मंडळाला, मंडळातर्फे ज्योतीरामाच्या स्वाधीन.

माझा एकुलता गेनू देहूरोडच्या लष्करी डेपोत हमाल होता. शिपायांनी टाकलेला फाटका चेंडू त्याने शिवून आणला आणि मळणी नसेल तेव्हा खळ्यावर वाडीतली पोरं जमवली. गोलाला बाभळीचे मेढे. मंजरपाटाच्या बंड्या मी निळीत बुडवून दिल्या. घामाने सगळ्यांच्या पाठी निळ्या व्हायच्या.

डेपोच्या मुलांशी पहिला सामना ठरला. पाहुणे येणार म्हणून आम्ही बायकांनी सगळे मैदान शेणाने सारवले, मळणीला सारवतो तसे. त्यावर गेनूचा गुडघा सोलला. तो जिंकल्याच्या आनंदात गावभर हिंडला. आठवडा उलटला आणि दातखीळ बसली. हिंदुरावांनी त्याला बैलगाडीत घालून दवाखान्यात नेले, बैलांच्या तोंडाला फेस आला तरी थांबले नाहीत. नदीकाठचे शेत त्यासाठी. धनुर्वात होता. शेणातून जखमेत गेला, असे डॉक्टर म्हणाले. सारवणाऱ्या बायकांपैकी एकीनेही नंतर तो विषय काढला नाही, मीही नाही. म्हणून अट अशी की, या मैदानावर पुन्हा शेण फिरवू नये. पाणी मारून धुमसाने चोपावे.

त्याला स्मशानात पोचवून आलो त्या संध्याकाळी मैदान रिकामे होते. ते मला सोसवेना. दिवस झाल्यावर मीच ज्योतीरामाला सांगून पोरं बोलावली. लोकांनी नावे ठेवली. ठेवोत. "दे, दे!" असे कोणाचेही पोर ओरडले की मी अजून दारात येते.

आता पिंपरीच्या नव्या कारखान्यांतल्या कामगारांची पोरं सायकलवर डबलसीट येतात. कोणी साताऱ्याकडची, कोणी नांदेडकडची, निर्वासितांच्या छावणीतली सिंधीही. लहान, मधले, मोठे असे तीन संघ झाले. बहुतेकांना गेनू कोण हे माहीत नाही. सांगूही नये. मंडळाला त्याचे नाव देऊ नये, तसबीर लावू नये. पोरं भितील.

हिंदुराव मागल्या सोमवारी येऊन गेले. म्हणाले, "वैनी, ज्या भुईनं पोर खाल्लं ती पोरांस्नी देताय व्हय? तुमचा दहावा व्हायच्या आत नांगर घालतो का न्हाई बघा."

मी म्हणाले, "भुईनं न्हाई खाल्लं, भावजी."

"मग कुणी?"

 हिंदुरावांना जमिनीची हाव नाही. त्यांना ते मैदान डोळ्यांसमोर नको आहे. माझ्याइतकेच तेही जळतात, पण म्हणून ते खरे ठरत नाहीत. एकदा नांगर फिरला की भुई पुन्हा अशी बसेपर्यंत ही पोरं बाप होतील.

कलम चौथे, आणि हेच महत्त्वाचे. कोर्टकज्जाला हिंदुराव भीत नाहीत. पण घरच्या माणसाच्या जळल्या जागेवरून ते औत नेणार नाहीत. मला मैदानाच्या मधोमध जाळा, असे मी आधी म्हणाले. ज्योतीराम म्हणाला, "काकू, मग आमी खेळायचं कुठं?" बरोबर आहे. तेव्हा माझे दहन हिंदुरावांच्या बांधावरून औत आत येते त्या वाटेवर, कोपऱ्यात करावे. बाकीच्या बाजूंना ओढा आणि घायपाताचे काटेरी कुंपण आहे, दुसरी वाट नाही. राख नदीत सोडू नये. तिथेच ठेवून वर दगड रचावेत.

चेंडू तिकडे जाईलच. पोरांनी नमस्कार करू नये, बूट काढू नयेत. दगडांवर चढून चेंडू घ्यावा आणि आरडाओरडा करत परत जावे. मला ऐकू येईल, असल्या भ्रमात मी नाही. हिंदुरावांचे घर तिथून जवळ आहे, त्यांना ऐकू जाईल.

वाचून दाखवले, बरोबर आहे. डाव्या हाताचा अंगठा: सारजाबाई दत्तोबा काळोखे

साक्षीदार: १. उद्धवराव, डेपोतील भांडारी (सही) २. छबूबाई, शेजारीण (अंगठा)

लेखनिक: बबनराव गुरुजी

मुक्काम पुनावळे, ता. १७ नोव्हेंबर १९५७